आमचं रान बाद झालं, ते कुठल्या वहीत लिहिलंत?

प्रति,
संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीला बसणारे सर्व शास्त्रज्ञ,
राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली

प्रत : महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी तुमचाच विद्यार्थी. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी कुठल्या विद्यापीठाचा ते लिहीत नाही, कारण पुढं जे येणार आहे ते एका केंद्राच्या किंवा एखाद्या सरांच्या माथी मारायचं नाही. कृषिविद्या विषयात एम.एस्सी. केली. मग चार वर्षं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत काढली. आमच्या बॅचचं मुख्य पीक तेच होतं. पीक काही हाती लागलं नाही, तेव्हा गावी आलो आणि वडिलांसोबत शेतीला लागलो. बालाघाटच्या रांगेत आमची अकरा एकर आहे. विहिरीखालचं चार एकर काळं रान, बाकी सात एकर माळ. माळावर वीतभर खणलं की मुरूम लागतो. मध्येच एखादी खोलगट पट्टी येते, तिथं हात-दीड हात माती सापडते, आणि पुढच्या दहा पावलांवर पुन्हा खडक.

तुमच्या बैठकीला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, मीही तेच म्हणतो. दरवर्षी चारही विद्यापीठांचे लोक एकत्र बसतात. नवी वाणं, अवजारं, तंत्रज्ञानाच्या शिफारशी मांडल्या जातात, खडाजंगी होते, काही मंजूर होतात, काही "अजून एक वर्ष घ्या" म्हणून परत जातात. विद्यार्थी असताना या बैठकीसाठी चाललेली आमच्या सरांची तयारी मी पाहिली आहे. स्लाइडवरचा एक दशांश चुकला तर कोण किती फाडून खाईल, या भीतीनं रात्रभर जागलेले लोक आहेत ते. त्यामुळं तिथं काम गांभीर्यानं होत नाही, असं मी म्हणणार नाही. बैठक संपली की वर्तमानपत्रात आकडे येतात : इतकी वाणं, इतकी अवजारं, इतक्या शिफारशी. त्या आकड्यांशेजारी मला आणखी एक आकडा छापून हवा आहे. त्या वर्षी शेतकऱ्यांच्या रानात घेतलेल्या किती चाचण्या बाद झाल्या, कुठं झाल्या, आणि कशानं.

एवढीच मागणी आहे. पण ती का सुचली, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

2023 चा खरीप. मृग कोरडा गेला, आमच्याकडं पेरणी जुलैवर गेली. त्या धांदलीत एका संशोधन केंद्राची गाडी दारात आली. शेतकऱ्याच्या शेतावर सोयाबीनची चाचणी घ्यायची होती. आठ वाणं, तीन पुनरावृत्ती, म्हणजे चोवीस तुकडे. वडिलांना कोण आनंद! विद्यापीठ आपल्या रानात येतंय म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच माळावर कुळवाची पाळी घालून ठेवली होती, धसकटं वेचून बांधाला लावली होती. गाडीतून उतरलेला शास्त्रज्ञ तरुण होता, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. त्यानं माळ पाहिला, चार ठिकाणी टिकाव मारून माती बघितली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, ही जमीन चालणार नाही. एकसारखी नाही. तिकडं खोल आहे, इकडं उथळ."

वडील म्हणाले, "सायब, सारखी जमीन म्हणाल तर ती हिरीखालची. बाकी सगळं हे असंच हाय. मग इथं काय पेरावं, ते कोण सांगणार?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी एम.एस्सी. वाला, म्हणून मीच वडिलांना समजावलं. दोन पोरांची कुस्ती लावायची तर आखाडा सपाट लागतो. एकाला चढावर आणि एकाला उतारावर उभं केलं तर कोण जिंकला ते कळायचं नाही. वाणांचंही तसंच. वडिलांना पटलं, किंवा माझ्या शिक्षणाचा मान राखायला त्यांनी पटल्यासारखं दाखवलं. चाचणी विहिरीखाली गेली.

सुतळी ताणून, फक्की टाकून, खुंट्या ठोकून चोवीस तुकडे आखले. बियाण्याची पाकिटं आली, त्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. वडील म्हणाले, "बारसं न झालेली लेकरं." टोकण झाली, उगवण झकास झाली. जुलैच्या शेवटी पीक असं बसलं होतं की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून विचारायचा, कुठलं बियाणं म्हणून.

मग ऑगस्ट आला. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की फुलोऱ्यात आलेलं सोयाबीन सकाळी टवटवीत दिसायचं आणि अकरा वाजता पानं उलटी करून पांढरं पडायचं. माळावरचं आधी गेलं. खालचं रान जरा तगलं, तेही सगळीकडं सारखं नाही. विहिरीच्या कडेला जमिनीत ओल होती, तिथले तुकडे हिरवे राहिले. बांधाकडची रांग करपली. मधली रांग अधांतरी. आखाडा सपाट आहे असं मी ज्या रानाबद्दल बोललो होतो, त्या रानानं महिनाभरात मला खोटं पाडलं.

वडील रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. बांधाकडच्या रांगेतल्या एका तुकड्याकडं बोट दाखवलं : आजूबाजूचं वाळलंय, हे अजून तग धरून आहे. मग मधल्या रांगेतला एक तुकडा दाखवला, मग विहिरीकडचा एक. "हे तिघं भाऊ हायेत. पान बघ, लव बघ. एकाच आईची." मी मोबाईलमध्ये आखणीचा फोटो काढून ठेवला होता. जुळवून बघितलं, तिन्ही ठिकाणी क्रमांक तीन. तुकडे चिठ्ठ्या टाकून विखुरलेले असतात, एखाद्याच वाणाला चांगली जागा मिळू नये म्हणून. नुसतं बघून कुठलं कुठं ते कळत नाही. माझ्या वडिलांनी ते पानाच्या लवेवरून ओळखले. सातवी पास माणूस.

काढणीला शास्त्रज्ञ आला नाही. त्याच्याकडं तीन योजनांचा भार होता, तो कुठं अडकला असेल ते मी समजू शकतो. एक कृषी सहायक आणि चार मजूर आले. कडेच्या ओळी सोडून आतलं पीक कापलं, ताडपत्रीवर काठ्यांनी बडवलं, काट्यावर तोललं, वहीत लिहिलं. वडिलांनी विचारलं, कोण पहिलं आलं? "सायब कळवतील." साहेबांनी कळवलं नाही. दिवाळी गेली, उन्हाळा गेला.

पुढच्या वर्षी एका शिवार फेरीला गेलो होतो, तिथं तोच शास्त्रज्ञ भेटला. मी विचारलं. तो ओशाळला, चांगला माणूस आहे. म्हणाला, "तुमचं लोकेशन ड्रॉप झालं. सी.व्ही. फार आला."

हे पत्र शेतकरीही वाचतील, म्हणून एका वाक्यात सांगतो. एकच वाण तीन ठिकाणी लावलं आणि तिन्हीकडं उतारा फारच वेगवेगळा आला, तर त्या चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही. हे वेगळेपण मोजायचं माप म्हणजे चलन गुणांक, सी.व्ही. तो ठरलेल्या मर्यादेपलीकडं गेला की त्या ठिकाणचे आकडे सरासरीत धरत नाहीत. यात लबाडी काही नाही. संख्याशास्त्र तेच सांगतं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं, आपलं रान बाद झालं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रान कसं बाद होईल? पाऊस पडला न्हाई."

सर, या वाक्यावर मी दोन वर्षं विचार करतो आहे. माझ्या मनात जे आलं ते असं. ज्या वर्षी पाऊस वेळेवर येतो, त्या वर्षीच्या चाचण्या एकसारख्या येतात, सी.व्ही. आटोक्यात राहतो, त्यांचे आकडे पुढं जातात. ज्या वर्षी खंड पडतो, त्या वर्षीच्या चाचण्या विस्कटतात आणि गळून पडतात. हलक्या, उंचसखल जमिनीवर तर चाचणी मुळात घेतलीच जात नाही. म्हणजे ॲग्रेस्कोच्या टेबलावर जे आकडे येतात, ते चाळणीतून आलेले असतात, आणि ती चाळणी नेमकी आमची वर्षं आणि आमची रानं खाली टाकते. चांगल्या पावसात, चांगल्या जमिनीत कुठलं वाण सरस ठरेल ते तुम्ही अचूक सांगता. पण त्या वर्षी आम्हाला सल्ल्याची फारशी गरजच नसते. त्या वर्षी घरचं बी टाकलं तरी पिकतं. आम्हाला अडतं ते दुसऱ्या वर्षी.

दुसऱ्याला बोलण्याआधी माझंही सांगतो. माझ्या प्रबंधाच्या प्रयोगात एका कोपऱ्यात पाणी साचायचं. पहिल्या वर्षी तिथले तुकडे पिवळे पडले. दुसऱ्या वर्षी मी प्रयोग वीस मीटर पलीकडं सरकवला. कुणी सांगितलं नव्हतं, मला स्वतःलाच शहाणपण सुचलं. आकडे सुंदर आले, प्रबंध मंजूर झाला, ग्रंथालयात लागला. त्या कोपऱ्याबद्दल त्यात एक ओळही नाही. खरं तर पाणी साचणाऱ्या जागी ते पीक काय करतं, हे दोन वर्षांतलं सगळ्यात कामाचं निरीक्षण तिथंच होतं. आज माझ्या विहिरीखालच्या रानाच्या टोकाला आर्द्रात पाणी साचतं तेव्हा मला तो कोपरा आठवतो.

शिफारशींची भाषा बघा. जवळपास प्रत्येक घडीपत्रिकेत पहिल्या ओळीत असतं : "मध्यम ते भारी, उत्तम निचऱ्याची जमीन निवडावी." लग्नाच्या जाहिरातीत "गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष" असायचं ना, तशी ही ओळ. जमीन काय आम्ही निवडतो? ती वाटणीला आलेली असते. मग खाली उताऱ्याचा आकडा, हेक्टरी क्विंटलमध्ये. आमच्याकडं हेक्टरात कुणी बोलत नाही. "बॅगला किती झालं?" असं विचारतात, म्हणजे बियाण्याची एक बॅग पेरली तर कट्टे किती भरले. साधं भाषांतर आहे, कुणीही करेल. पण ज्या पत्रिकेत जमिनीची खोली नाही आणि माप आमचं नाही, ती वाचताना शेतकऱ्याला कळतं की हे दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय.

आणि हे होऊ शकत नाही असं म्हणायला जागा नाही, कारण तुम्हीच ते करून दाखवलं आहे. रब्बी ज्वारीत. राहुरीच्या शिफारशीत वाणं जमिनीच्या खोलीप्रमाणं वाटून दिलेली आहेत : हलक्या जमिनीत फुले अनुराधा, फुले माउली, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, भारी जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा, बागायतीत फुले रेवती. तीस सेंटिमीटर खोली असेल तर हे, साठपर्यंत ते, त्यापुढं आणखी वेगळं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत कोरडवाहू शेतकऱ्यासाठी विद्यापीठांनी लिहिलेला हा सगळ्यात प्रामाणिक कागद आहे. वडिलांनी ते ऐकलं तेव्हा म्हणाले, "ह्यांना आपलं रान कुणी दाखवलं?" दोन एकरांवर खरीप मोकळा सोडून आम्ही फुले अनुराधा धरतो. कडब्यासकट पदरात पडतं.

हे ज्वारीत का जमलं, याचा मी माझ्यापुरता लावलेला अर्थ असा. कोरडवाहूचं संशोधन जिथं सुरू झालं, तिथं पाऊस फसवायचाच. पुण्याजवळच्या मांजरी गावी 1923 मध्ये सुरुवात झाली, आणि 1933 पासून सोलापूरला कानिटकर या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. त्यांच्यापुढं चांगलं वर्ष निवडायची सोय नव्हती. दुष्काळ हाच त्यांचा विषय होता, म्हणून दुष्काळातला आकडा फेकून द्यायचा प्रश्न आला नाही. मालदांडी ज्वारीचंही तसंच. एम 35-1 ही निवड मोहोळला झाली, ती शेतकऱ्यांच्याच स्थानिक मालदांडीतून. आमच्या आज्यानं जे बी पिढ्यान्‌पिढ्या कमी पाण्यावर जगवलं होतं, त्यातलंच उत्तम उचललं आणि आम्हाला परत दिलं. वर्षं उलटली तरी लोक अजून भाकरीसाठी मालदांडीच मागतात.

आणखी मागं जायचं तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन. हा माणूस मूळचा रसायनशास्त्रज्ञ. त्यानं पुण्याशेजारचं पिंपळे सौदागर हे गाव घेतलं आणि रान नि रान, कर्ज नि कर्ज मोजलं. 1917 मध्ये ते छापून आलं. 156 खातेदारांच्या जमिनीचे 718 तुकडे झालेत, हे त्यानं बांधावर जाऊन मोजून सांगितलं. आज तिथं टोलेजंग इमारती आहेत, बांध शोधून सापडणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका कृषी महाविद्यालयाच्या प्राचार्याला वाटलं की गाव जसं आहे तसं, उधारी-उसनवारीसकट, हाच संशोधनाचा विषय आहे. त्याच्या तक्त्यातून कर्जबाजारी घर सरासरी बिघडवतं म्हणून वगळलेलं नव्हतं.

विद्यापीठं नंतर आली. 1968 ला राहुरी, 1969 ला अकोला, 1972 ला परभणी आणि दापोली. अकोल्याला आणि परभणीला विद्यापीठ व्हावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, हे नव्या पिढीतल्या प्राध्यापकांनीही लक्षात ठेवावं. कुलगुरूंच्या बंगल्यासाठी कुणी मोर्चे काढले नव्हते. आणि त्या विद्यापीठांनी दिलंही. बदनापूरच्या बीएसएमआर-736 तुरीनं वांझ रोगापासून किती घरं वाचवली, त्याचा हिशेब नाही. आमच्याकडं बायकांनाही 736 हा आकडा पाठ आहे. पुढं बीडीएन-711 आली. लवकर निघते, शेवटच्या पावसाची वाट बघत बसत नाही, म्हणून माळावर आम्ही तीच घेतो. नांदेडच्या एनएचएच-44 कापसानं एक पिढी तगली. कोकणात वेंगुर्ल्याच्या काजूनं जे केलं, ते तिकडचे लोक सांगतील. त्यामुळं कुणी "विद्यापीठांनी काय केलं?" असं पारावर बसून विचारलं की मी भांडतो. घरी तुमची बाजू घेणारा मीच आहे.

पण सोयाबीनवर येऊन माझं भांडण थांबतं. आज मराठवाड्यात खरीप म्हणजे सोयाबीन. मालदांडीसारखं ते आमच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं पीक नाही, बाहेरून आलं आणि बघता बघता सगळं शिवार व्यापलं. कृष्णाकाठच्या कसबे डिग्रजला तयार झालेलं फुले संगम आमच्याकडं तुफान पसरलं. विहिरीखाली त्यानं आम्हालाही भरभरून दिलं. माळावर मात्र शेवटचा पाऊस हुकला की ते थकतं, शेंगा भरत नाहीत, पापडी राहते. दोष वाणाचा नाही. ज्याच्या पोटाला जास्त लागतं त्याला उपाशी ठेवलं तर तो थकणारच. प्रश्न असा की हे मला तीन वर्षं हात पोळल्यावर कळलं. ज्वारीला जशी खोलीप्रमाणं वाणं वाटून दिली, तसा सोयाबीनचा कागद कुठं आहे? तीस सेंटिमीटर मातीत, फुलोऱ्यात तीन आठवड्यांचा खंड पडला तर कुठलं वाण निदान बियाण्याचा आणि काढणीचा खर्च भरून देईल? हा आकडा सरासरीतून निघत नाही. तो बाद झालेल्या चाचण्यांतून निघतो.

या प्रश्नाचं उत्तर सध्या कोण देतं, ठाऊक आहे? कृषी सेवा केंद्रवाला. त्याच्या काउंटरवर उभं राहिलं की तो सांगतो, "गेल्या साली अमक्याच्या माळावर हे गेलं बघा, घेऊ नका." त्याला विकायचं असतं ते तो विकतोच, पण कुणाचं कुठं फसलं हे त्याच्या डोक्यात असतं, कारण फसलेला माणूस त्याच्याच दारात येऊन शिव्या देतो. फसल्याची नोंद राज्यात सध्या त्याच्याकडं आहे, तीही तोंडी. तुमच्या दारात येऊन शिव्या देण्याइतकी आमची ओळख राहिलेली नाही. विद्यापीठाबद्दलची माझी खरी खंत ही आहे.

2022 साली गोगलगायी आल्या तेव्हाचं आठवतं. आठ दिवसांत सोयाबीनचे तासच्या तास खाऊन टाकले. रात्री बॅटरी घेऊन, घरची सगळी माणसं बांधानं वेचत होतो. सकाळी मिठाच्या पाण्याच्या बादल्या भरलेल्या असायच्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती पसरा, खाली जमतील, वेचा, हा तुमचा सल्ला आला आणि तो उपयोगी पडला. त्या वर्षी शास्त्रज्ञ गावोगाव फिरले, बांधावर चिखलात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. म्हणजे येता येतं. संकट फोटोत मावण्याएवढं मोठं असलं की येता येतं. पावसाचा खंड मात्र फोटोत मावत नाही.

आता कामाचं बोलू, कारण नुसतं रडगाणं गाऊन पोस्टात टाकायचं नाही.

जी चाचणी बाद होते तिचे आकडे सरासरीत घेऊ नका, अजिबात घेऊ नका. फक्त फेकू नका. तिची एक वेगळी वही ठेवा आणि ती उघडी ठेवा. त्या वहीत काय असावं? जमीन किती खोल होती. पेरणी कधी झाली. पाऊस आठवड्याला किती पडला. पीक कुठल्या अवस्थेत असताना खंड पडला. कुठलं वाण किती खाली गेलं. पावसासाठी वेगळा खर्च नको, महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळात पाऊस मोजतातच. अशा दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी एका ठिकाणी ठेवल्या, तर सी.व्ही. नं विस्कटलेल्या त्या आकड्यांतूनच हलक्या जमिनीचा तक्ता उभा राहील. तेव्हा सरासरी उतारा सांगू नका. दहा वर्षांत किती वेळा खर्चसुद्धा निघाला नाही, ते सांगा. आम्ही वाण निवडताना मनात तोच हिशेब मांडतो.

मनुष्यबळ नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मंजूर पदांतली कितीतरी रिकामी आहेत, एक माणूस तीन खुर्च्यांवर बसतो, आणि वरून बढतीसाठी पेपर छापायचे, तेही नास रेटिंग, म्हणजे त्या नियतकालिकाला मिळालेले गुण, बघून. बाद चाचणीचा पेपर होत नाही. मग कोण कशाला तिची वही लिहील? हे उत्तर तुम्हाला परिषदेकडून, मंत्रालयाकडून मिळवावं लागेल, आणि त्यासाठी आमची सही हवी असेल तर गावची ग्रामसभा ठराव देईल. पण तोवर एक फौज तुमच्याकडं आहेच. कृषिदूत आणि कृषिकन्या.

मीही कृषिदूत होतो. शेवटच्या वर्षाला आम्ही सहा जण एका गावात राहिलो. मारुतीच्या देवळासमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला, विहिरी निळ्या, शाळा पिवळी. फोटो काढायच्या आत एक शेळी नदी ओलांडून ग्रामपंचायतीत शिरली. बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक दिलं, बीजप्रक्रिया दाखवली, बातमी छापून आणली, कात्रण अहवालाला चिकटवलं, मार्क मिळाले. गावाला काय मिळालं, ते विचारू नका. दरवर्षी राज्यभरातली एवढी पोरं खरिपाचे ऐन महिने गावात राहतात. त्यांच्या हातात रांगोळीऐवजी माती काढायचं ऑगर द्या. गावातलं चांगलं रान नको, फसलेलं रान शोधा म्हणावं. खोली मोजा, पेरणीची तारीख विचारा, बॅगला किती झालं ते लिहा. एका पोरानं वीस रानं केली तरी काम होईल. मार्कही त्यालाच द्या. पोरांना शेती कळेल, हा फायदा वेगळाच. मला ती पदवी घेऊन झाल्यावर सहा वर्षांनी कळायला लागली.

आणि एक गोष्ट, जिला ना पैसा लागतो ना माणूस. ज्याच्या रानात चाचणी घेतली, त्याला निकाल कळवा. पोस्टकार्डावर, व्हॉट्सॲपवर, कसाही. चांगला असो, वाईट असो, बाद असो. बाद असेल तर तसं लिहा आणि का ते लिहा. तो माणूस तुम्हाला आपलं सगळ्यात चांगलं रान हंगामभर देतो, खुंट्या सांभाळतो, शेजाऱ्याची म्हैस हाकलतो. पाहुणा जेवून गेला आणि "येतो" न म्हणता गेला, असं आमच्याकडं झालं तर पुढच्या वेळी पाट मांडत नाहीत. तुमच्यासाठी वडील पुन्हा मांडतील, ते तसेच आहेत. सगळे तसे नसतात.

या वर्षीच्या ॲग्रेस्कोत हे पत्र कुणी वाचून दाखवेल अशी अपेक्षा नाही. चहाच्या वेळेत दोघांनी बोललं तरी चालेल. विशेषतः तो तरुण शास्त्रज्ञ तिथं असेल, तर त्याला एक निरोप आहे. आखणीचा फोटो मी जपून ठेवला आहे. बांधाकडच्या रांगेत पश्चिमेकडून पाचवा, मधल्या रांगेत दुसरा, विहिरीकडच्या रांगेत सातवा. तिन्हीकडं पाकीट क्रमांक तीन. तुमच्या वहीत त्या क्रमांकापुढं नाव असणार. ते वाण पुढं गेलं की मागंच राहिलं, प्रसारित होणार आहे की नाही, हे काही विचारत नाही. वडील पेरणीच्या तोंडावर दरवर्षी विचारतात, त्या तिघा भावांचं नाव काय होतं. तेवढं कळवा.

आपला,
एक माजी विद्यार्थी
कोरडवाहू शेतकरी, बालाघाट